अन्नाची जाहिरात व अंगाची लाज

जाहिरातीला वाङ्मयाच्या पंक्तीला बसवावें काय, हा प्रश्न आमच्याकडील पुष्कळ रसिकांस हास्यास्पद वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर लघुनिबंध ह्यांविषयीं टीकाकारानें बोलावें. बिस्किटांच्या पुड्यांविषयीं त्यानें लेखणी कां झिजवावी, असें त्यांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आल्डस हक्स्ले यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन द मार्जिन’ ह्या निबंधसंग्रहांत जाहिरातीला आधुनिक वाङ्मयप्रकारांपैकीं एक अत्यंत अवघड प्रकार म्हणून मान दिला आहे. आणि त्यानंतर दहा वर्षांनीं एफ्. आर्. लीव्हिस व डेनिस टॉम्सन या दोघांनीं ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हें पुस्तक लिहून विद्यार्थ्यांस जाहिरातीचेंहि चिकित्सक वाचन करावयास शिकविलें पाहिजे असें प्रतिपादन केलें. हें मत मला मान्य आहे. ज्या शब्दांचा व चित्रांचा समाजाच्या मनावर रोज संस्कार होतो त्यांकडे पाठ फिरवावयाची, आणि ज्या पुस्तकाच्या दोनशें प्रतीहि खपत नाहींत त्याचें मात्र चार पृष्ठें परीक्षण करावयाचें, ह्यांत टीकाकाराची प्रतिष्ठा कदाचित् राहत असेल. पण त्याचें काम होत नाहीं.

ह्या लेखांत जाहिरातींचा एकच विभाग घेतला आहे, तो खाद्यपेयांचा. आणि त्यांतलाहि एकच विशेष पाहावयाचा आहे, तो म्हणजे त्यांत दिसणाऱ्या माणसांचीं लठ्ठ किंवा बारीक शरीरें. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, ह्या जाहिराती अन्न विकण्यापूर्वीं लाज विकतात. पाहणाराच्या मनांत स्वतःच्या अंगाविषयीं प्रथम संकोच उत्पन्न करावयाचा, आणि मग त्या संकोचावर उतारा म्हणून डबा पुढें करावयाचा, ही त्यांची रचना आहे. लाज कोणत्या अंगाची वाटावी हें मात्र कायम नसतें; तें गिऱ्हाइकाच्या परिस्थितीप्रमाणें बदलत आलें आहे.

प्रथम ह्या जाहिरातींतील पात्रें पाहूं. लठ्ठ मुलगा शर्यतींत शेवटीं येतो, आणि मधल्या सुटींत दुसऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवतो. लठ्ठ गृहस्थ खुर्चींत अडकतो, जिना चढतांना धापा टाकतो आणि साहेबासमोर बसतांना त्याच्या सदऱ्याची गुंडी तुटून उडते. लठ्ठ स्त्री आरशासमोर उभी राहून लग्नांतला पोशाख अंगांत बसवूं पाहते, आणि नवरा वर्तमानपत्राआड हंसतो. उलट, किरकोळ मुलगा खेळाच्या संघांत कोणाला नको असतो. दुधांत भुकटी मिसळून प्यायल्यावर तो एकदम उंच होतो आणि त्याची आई शेजारणीकडे विजयी मुद्रेनें पाहते. ह्या माणसांना नांव नसतें, धंदा नसतो, मत नसतें. नाटककारानें असें पात्र रंगभूमीवर आणलें तर आपण त्याला कच्चा कलावंत म्हणूं, कारण त्यानें स्वभावाच्या जागीं वजन ठेवलेलें असतें. जाहिरातकर्त्याला हा दोष लागत नाहीं, ह्याचें कारण त्याला स्वभाव रंगवावयाचाच नसतो. बाह्य शरीर पाहून माणूस ओळखतां येतो, एवढा एकच सिद्धांत त्याला पाहणाराच्या मनावर ठसवावयाचा असतो.

ह्या सिद्धांताला मराठी भाषेनें कधींच पूर्ण संमति दिलेली नाहीं. एकाच स्थूलतेला ती बाळसेदार, गुबगुबीत, भरदार, धष्टपुष्ट, धिप्पाड, लठ्ठ, बोजड, ढोल्या असे अनेक शब्द देते, आणि प्रत्येकांत बोलणाराचा भाव निराळा असतो. बाळ बाळसेदार असावें, पैलवान धष्टपुष्ट असावा, सासुरवाशीण माहेरीं येऊन महिनाभरांत अंगानें भरली तर आईला समाधान वाटावें. ‘खात्यापित्या घरची’ हें विशेषण वधूची स्तुति म्हणून वापरण्यांत येई. कृशतेचेंहि तसेंच आहे. शेलाटी, सडपातळ, चवळीची शेंग ही प्रशंसा. हडकुळा, किडमिडा, काटकुळा, मरतुकडा ही निंदा. आणि ह्या सर्व शब्दसंपत्तीच्या मुळाशीं एक मार्मिक वाक्प्रचार आहे, तो म्हणजे ‘अन्न अंगीं लागणें’. अन्न पोटांत जाणें निराळें आणि तें अंगीं लागणें निराळें, हा भेद आमच्या अडाणी म्हणविणाऱ्या म्हाताऱ्यांस पूर्ण ठाऊक होता. अंगीं लागावयास झोंप लागते, मनाचें स्वास्थ्य लागतें, वाढणाराची माया लागते. जाहिरातीला हा वाक्प्रचार परवडण्यासारखा नाहीं. तिच्या मतें डब्यांतील दोन चमचे पुरेसे असतात. तिच्याकरितां आमच्या भाषेनें दुसरी म्हण राखून ठेवली आहे, ती म्हणजे ‘पी हळद आणि हो गोरी’.

आतां लाजेचा इतिहास पाहूं. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन तपांत मुंबई इलाख्यांतील वृत्तपत्रांतून हॉर्लिक्स, ओव्हल्टीन व नाना तऱ्हेचीं टॉनिकें ह्यांच्या जाहिराती येऊं लागल्या. त्यांत निंदेचा विषय कृश माणूस होता. थकलेला कारकून, निस्तेज गृहिणी, रोडावलेलें मूल हीं त्यांतलीं ठराविक पात्रें. निजलेल्या माणसाला रात्रीं नकळत उपासमार घडते व म्हणून तो सकाळीं गळालेला उठतो, असा एक नवा विकारच हॉर्लिक्सच्या जाहिरातकर्त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत प्रचारांत आणला. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला जागा नव्हती. जाहिरातीच्या इतिहासांत मात्र तो अजरामर झाला आहे. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ ही १९३६ ची कादंबरी ज्यांनीं वाचली असेल त्यांस तिचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक आठवेल. जाहिरातीच्या कचेरींत बसून पायांच्या घामासारख्या क्षुल्लक गोष्टीला भारदस्त नांव द्यावयाचें आणि साऱ्या राष्ट्राला तिची लाज वाटावयास लावावयाची, हें त्या होतकरू कवीच्या नशिबीं येतें. लाज ही जाहिरातीच्या कारखान्यांतला कच्चा माल आहे, हें त्या कादंबरीइतक्या स्पष्टपणें क्वचितच कोठें दाखविलें गेलें असेल.

आमच्याकडे ह्या कच्च्या मालाचा सर्वांत क्रूर उपयोग तान्ह्या मुलांच्या बाबतींत झाला. दुधाच्या भुकटीच्या डब्यावर गोबऱ्या गालांचें, हातापायांना वळ्या पडलेलें बाळ असे. ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द तर गुटगुटीत मुलाचें वर्णन म्हणून घरोघर रूढ झाला. ज्या आईचें मूल त्या चित्रासारखें दिसत नसे तिला प्रथम मुलाची, मग स्वतःच्या दुधाची शंका येऊं लागे. अशुद्ध पाण्यांत पातळ करून पाजलेल्या भुकटीनें गरीब घरांतील किती मुलें दगावलीं ह्याची चर्चा पुढें जगभर झाली. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या व्यापाराकरितां आचारसंहिता ठरविली, आणि १९९२ सालीं आपल्या संसदेनें कायदा करून बालकांच्या दुग्धान्नाच्या डब्यावर मुलाचें किंवा स्त्रीचें चित्र छापण्यास बंदी केली. ह्या कायद्याचा वाङ्मयीन अर्थ कोणीं लक्षांत घेतला नाहीं. डब्यावर शब्द एकहि खोटा नसला तरी निव्वळ एका गुबगुबीत अंगाचें चित्र माणसाच्या मनाला फसवूं शकतें, हें विधिमंडळानें त्यांत मान्य केलें आहे. टीकाकारांच्याहि आधीं तें कायदेपंडितांनीं ओळखावें, ही आमच्या टीकेला भूषणावह गोष्ट नव्हे.

कृशतेची लाज त्या काळीं इतक्या सहज विकली जाई ह्याचें कारण उघड आहे. दुष्काळ दूर गेलेला नव्हता. आमच्या मराठवाड्यांत तर १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण अजून बुजलेली नाहीं. लाल मिलोची भाकरी आणि कामावर वांटली जाणारी सुकडी ह्यांवर दिवस काढलेलीं माणसें अद्याप हयात आहेत. ज्या समाजानें हाडें दिसणारीं गुरें व माणसें पाहिलीं, त्याला बारीक अंग म्हणजे संकटाची खूण वाटली तर नवल नाहीं. जाहिरातीनें ह्या भीतीवर आपलें दुकान थाटलें.

१९९१ नंतर बाजार उघडला आणि शहरांतील मध्यम वर्गाची भूक भागली. तेव्हां त्याच दुकानाची पाटी उलटी फिरविण्यांत आली. केलॉग्ज ही अमेरिकन कंपनी १९९४ सालीं भारतांत आली व तिनें आपला कारखाना तळोजे येथें काढला. दोन आठवडे दोन जेवणांच्या जागीं आपला ‘स्पेशल के’ खाऊन कंबर कमी करून दाखवा, असें आव्हान ह्या कंपनीनें देशोदेशींच्या स्त्रियांस दिलें. सकाळचे पोहे, उपमा, भाकरी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्लीं गेलीं त्या घरांत आतां न्याहारी ही कमरेला जबाबदार ठरली. तेलाच्या डब्यावर हृदयाचें चित्र आलें, बिस्किटांच्या पुड्यावर ‘डाएट’ शब्द आला. गंमत अशी कीं, एका दाराशीं साखर व लोणी ह्यांचा पाऊस पाडावयाचा आणि दुसऱ्या दाराशीं तें खाणाराला हंसावयाचें, हीं दोन्हीं कामें पुष्कळदां एकच बाजार एकाच संध्याकाळीं, एकाच मालिकेच्या दोन विश्रांतींत करतो. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानें मनाई आहे; त्याच्या परिशिष्टांत स्थूलतेचें नांव स्पष्ट आहे. पण तो कायदा औषधांपुरता आहे. औषधाच्या तोंडीं जें वचन शोभत नाहीं म्हणून कायद्यानें बंद केलें, तेंच अन्नाच्या तोंडीं सूचकतेनें घालावयाचें, ही युक्ति त्यामुळें सोपी झाली.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, लठ्ठ माणूस हें विनोदाचें जुनें भांडवल आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक मोदकांवर टपलेला असतो, चिं. वि. जोशी यांचा गुंड्याभाऊ धिप्पाड आहे, शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ पोटासाठींच प्रसिद्ध आहे. मग बिचाऱ्या जाहिरातकर्त्यानेंच काय पाप केलें? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, म्हणून त्याचा नीट विचार करूं.

वृकोदर भीमाचें उदाहरण घ्या. पांडव एकचक्रा नगरींत भिक्षेवर राहत असतां आणलेल्या अन्नाचा अर्धा वांटा एकट्या भीमाला आणि उरलेला अर्धा कुंतीसह बाकीच्यांना, अशी वांटणी महाभारतांत सांगितली आहे. त्यांत भीमाची नाचक्की नाहीं. त्याच नगरींत बकासुराकडे गाडाभर अन्न घेऊन जाण्याची पाळी येते, तेव्हां तेंच पोट आणि तेंच बळ गांवाच्या उपयोगीं पडतें. गुंड्याभाऊ धिप्पाड व चिमणराव किरकोळ, ह्या जोडींतून विनोद निर्माण होतो हें खरें. परंतु गुंड्याभाऊला स्वभाव आहे, हेका आहे, चिमणरावांवर जीव आहे. आणि फजिती व्हावयाची ती पुष्कळदां बारीक चिमणरावांचीच होते. फॉल्स्टाफ तर आपल्या पोटाची थट्टा दुसऱ्या कोणाच्याहि आधीं स्वतःच करतो; आणि शेवटीं नवा राजा त्याला भर रस्त्यांत ओळख देत नाहीं, तेव्हां इतका वेळ हंसणाऱ्या प्रेक्षकाचाच जीव कासावीस होतो. थोर विनोद पोटापासून आरंभ करतो व माणसापाशीं पोंचतो. जाहिरात पोटापासून निघते आणि डब्यापाशीं थांबते.

थोर लेखकांच्या हातूनहि ह्या बाबतींत उणें राहतें, ह्याचेंहि एक उदाहरण देतों. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्यें (१८३६–३७) जो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो खातो आणि उभ्याउभ्या झोंपतो. दार ठोठावतांना झोंपतो, गाडीवर बसून झोंपतो. तीन पिढ्या वाचक त्याला हंसल्या. पुढें १९५६ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं अतिस्थूल माणसांत आढळणाऱ्या श्वासाच्या एका गंभीर विकाराचें वर्णन केलें आणि त्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असें नांव दिलें. ज्याला आपण आळशी म्हणून हंसत आलों तो आजारी होता! डिकन्सचें निरीक्षण इतकें अचूक होतें कीं वैद्यांस त्यांतून रोग ओळखतां आला. हंसणाराच्या दृष्टीला मात्र तो शंभर वर्षें दिसला नाहीं.

आणि ह्या विषयावरील आमचा स्वतःचा निवाडा कोणता? गणेशचतुर्थीला चंद्र पाहूं नये असें आपण मानतों, त्यामागील कथा महाराष्ट्रांत पोराटोरांस ठाऊक आहे. मोदक खाऊन निघालेला लंबोदर उंदरावरून घसरला, आणि सुंदर, सडपातळ असा चंद्र त्याच्याकडे पाहून हंसला. शाप कोणाला मिळाला? पोटाला नाहीं, मोदकालाहि नाहीं. हंसणाऱ्या चंद्राला मिळाला. आणि ज्या पोटाला तो हंसला त्याची आपण दहा दिवस आरती करतों. ह्या कथेंत टीकेचें एक उत्तम मानदंड सांपडतें. विनोदांत लठ्ठ माणूस आहे कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. कोण हंसतो, कोणाला हंसतो आणि हंसण्याच्या बदल्यांत काय मागतो, हा मुख्य आहे.

ह्या मानदंडानें सर्वच जाहिराती वाईट ठरत नाहींत. मुंबईंत १९६६ पासून झळकत आलेली अमूल लोण्याची ठिपक्यांच्या झग्यांतली गोलमटोल मुलगी घ्या. ती लोणी विकते आणि लोण्यासारखीच गुबगुबीत आहे. पण थट्टा ती करते, तिची कोणी करीत नाहीं. मंत्री, क्रिकेटपटू, नटनट्या सर्वांवर ती कोटी करून मोकळी होते. शरीर हें तिथें निंदेचें लक्ष्य नसून बोलणाऱ्याचें आनंदी रूप आहे. सिल्व्हेस्टर डा कुन्हा व युस्टेस फर्नांडिस यांची ही निर्मिति इतकीं वर्षें टिकली, त्यावरून माल खपविण्यास लाज आवश्यक असते हें मत तरी खोटें ठरतें. मराठींत २०१६ सालीं ‘वजनदार’ हा सचिन कुंडलकर यांचा चित्रपट आला, आणि त्यानें वजनाच्या चिंतेनें ग्रासलेल्या दोन स्त्रियांना विषय न करतां नायिका केलें. पुढच्याच वर्षीं ‘जाडूबाई जोरात’ ह्या नांवाची मालिका दूरचित्रवाणीवर आली. लोकांना ह्या विषयावर हंसावयाचें आहे आणि विचारहि करावयाचा आहे, असें ह्यावरून दिसतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थूलता हा रूपाचा प्रश्न नसून आरोग्याचा प्रश्न आहे. मधुमेह व हृद्रोग आमच्या देशांत वाढत आहेत. तेव्हां थोडी लाज वाटली तर तिनें हितच होईल, असें पुष्कळ सुज्ञ लोक म्हणतात. रोगाविषयींचें त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु ज्या दृष्टीवर जाहिरात भिस्त ठेवते ती दृष्टि रोग ओळखण्यास किती असमर्थ आहे, हें पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं आपलें व आपले इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, म्हणजे देहभारांक २२.३ होता. पण अंगांतील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या खेड्यांतून जन्मणारीं मुलेंहि दिसावयास किरकोळ आणि चरबीच्या मानानें मात्र तशीं नसतात, असें त्यांच्या संशोधनांत आढळलें. म्हणजे ज्याला जाहिरात ‘बारीक म्हणून निरोगी’ असें प्रशस्तिपत्र देते तोच पुढें मधुमेही निघण्याचा संभव आहे. डोळ्याला दिसणाऱ्या अंगावरून निकाल देणारी जाहिरात ही आरोग्याची शिक्षिका होऊं शकत नाहीं. शिवाय लाजेचा परिणाम काय होतो हें घरोघर दिसतें. लाजविलेलें मूल कमी खात नाहीं. तें चोरून खातें.

आतां हा प्रश्न मी जेथें राहतों त्या बीड जिल्ह्यांतून पाहूं, कारण येथून त्याचें जें अंग दिसतें तें मुंबईच्या कचेऱ्यांतून दिसत नाहीं. आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटे अंधारांत फडावर जावयाचें, ऊस तोडावयाचा, मोळी बांधावयाची, ती डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडींत चढवावयाची, आणि रात्रीं कोपींत येऊन चूल पेटवावयाची. एक दिवस काम चुकलें तर खाडा पडतो व दंड बसतो. ह्या खाड्याच्या भीतीचा किती भयंकर परिणाम झाला तें २०१९ सालीं उघडकीस आलें. शासनाच्या समितीपुढें आलेल्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. खाद्यपेयांच्या जाहिरातींत जी गोडी वाहते तिच्या मुळाशीं हीं शरीरें आहेत. तीं जाहिरातींत कधींच दिसत नाहींत, हंसण्याकरितांहि नाहींत.

लीव्हिस व टॉम्सन यांच्या पुस्तकाचा धडा गिरवीत मी कांहीं वर्षांपूर्वीं पदवीच्या वर्गाला खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील माणसांचें वर्णन लिहून आणावयास सांगितलें होतें. वर्गांत चर्चा चालली असतां मागच्या बाकावरील एका मुलीनें, जिचे आईवडील दरसाल उसाला जातात, मला विचारलें, “सर, त्या जाहिरातीतली बाई बारीक आहे म्हणून तिचं कौतुक, अन् माझी आई बारीक आहे म्हणून तिला दवाखान्यात सलाईन लावतात. मग दोन्हीकडं शब्द एकच कसा?” वर्ग क्षणभर गप्प झाला. मला त्या वेळीं सुचलेलें उत्तर इतकेंच होतें कीं, शब्द एक नाहीं. एकीला भाषा सडपातळ म्हणते आणि दुसरीला काटकुळी. वजन कदाचित् सारखें असेल, पण विशेषण घराच्या उंबऱ्यावर ठरतें. त्या मुलीनें मात्र वहींत दोन शब्द शेजारीं लिहून मध्यें बरोबरीचें चिन्ह काढलें, आणि तें खोडलें. आमच्या वर्गांत त्या वर्षीं झालेली ही सर्वांत चांगली टीका होय.

तिचा प्रश्न सबंध देशाला लागू आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं १८.७ टक्के स्त्रियांचें वजन असावें त्याहून कमी होतें आणि २४.० टक्के स्त्रियांचें जास्त; आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी होतें. म्हणजे एकाच देशांत, पुष्कळदां एकाच घरांत, दोन्हीं प्रकारचीं शरीरें नांदत आहेत. शेजारच्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतां डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवावें असा उपदेश केला, तो २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रभर पसरला, आणि अनेकांनीं तो श्रद्धेनें पाळला. त्यांनीं कांहीं डबा विकला नाहीं, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्या घरीं तिसरें जेवण उपलब्ध आहे त्यालाच दोन जेवणांचें व्रत घेतां येतें. फडावरच्या कुटुंबाला तें व्रत मुकादमानें केव्हांच दिलेलें आहे. जाहिरातींतील शरीराची लाज ही पोट भरल्यानंतरची लाज आहे, आणि ती साऱ्या राष्ट्राची म्हणून मिरवते, हें तिच्यांतलें खरें असत्य होय.

उपाय काय? जाहिरातींचें नियमन करणारी मुंबईची ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही १९८५ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. वंश, जात, वर्ण, लिंग ह्यांवरून कोणाची हेटाळणी करूं नये असा नियम तिच्या संहितेंत पूर्वींपासून होता. २०२२ सालीं तिनें त्यांत शरीराचा आकार व वय ह्यांचाहि समावेश केला, आणि एखाद्याच्या अंगकाठीमुळें तो प्रेमांत, समाजांत किंवा नोकरींत अपयशी झाला असें सूचित करूं नये असेंहि सांगितलें. हें स्वागतार्ह आहे. परंतु ती व्यावसायिकांनीं आपणच आपणांवर घालून घेतलेली मर्यादा आहे, आणि उघड थट्टा बंद झाली म्हणजे लाज विकणें बंद होतें असें नाहीं. उद्यांची जाहिरात लठ्ठ माणसाला हंसणार नाहीं. ती त्याला सहानुभूतीनें जवळ घेईल, आणि मग डबा पुढें करील. तिथें नियम पोंचत नाहीं. तिथें वाचकाची जागृत रुचि पोंचली पाहिजे.

ही रुचि घडविणें हें महाविद्यालयांचें आणि अशा मासिकांचें काम आहे. कवितेंतील खोटी उपमा आपण विद्यार्थ्याला ओळखावयास शिकवितों. त्याच तोलानें पडद्यावरील खोटें अंगहि ओळखावयास शिकवावें. त्याकरितां नवें शास्त्र नको. समोर आलेल्या चित्राला चार प्रश्न विचारावे. ह्यांतील माणसाला वजनाखेरीज कांहीं आहे काय? हंसतो तो कोण आहे? ज्या लाजेवर हें औषध सांगत आहेत ती लाज हें चित्र पाहण्यापूर्वीं मला वाटत होती काय? आणि हें अन्न ज्यांच्या श्रमांतून आलें त्यांचीं शरीरें ह्या चित्रांत कोठें आहेत? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि शहरांत मिळतील. चौथ्याचें उत्तर शोधावयास दिवाळीनंतर एका पहाटे आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यावर उभें राहावें, आणि कोयते भरून जाणाऱ्या गाड्या पाहाव्या.